घंटाघर, किल्ला आणि रक्षाचं घर

सिंदी मेघे, वर्धा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रक्षा,

तू पाठवलेला गेंट शहर फिरायचा बेत मिळाला. काल दुपारी वाचला, आज पुन्हा वाचला. इतकं नीटनेटकं काम तू केलेलं पाहून बरं वाटलं. लहानपणी तुझ्या दप्तरात पेन्सिल सापडायची नाही.

पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. पोस्टात टाकलं तर पत्राच्या आधी मीच तिथे पोचायची. फोनवर का नाही बोलत, असं विचारू नकोस. बाबा गेल्यापासून आपण दोघी फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलतो. तिकडे थंडी आहे का, इकडे ऊन आहे का, आणि मग तू म्हणतेस, "ठेवते, आई." कागदावर निदान माझा आवाज कापत नाही.

तर तुझा बेत. पहिल्या दिवशी घंटाघर. मग नावेतून कालव्यांची फेरी. नंतर किल्ला, मोठ्या चर्चमधलं ते जुनं चित्र, बेगिना बायकांची जुनी वस्ती. एक दिवस ब्रुजला जाऊन यायचं. शुक्रवारी बाजार. माझ्या गुडघ्यांचा विचार करून तू घंटाघराला लिफ्ट आहे हेसुद्धा लिहिलंस.

घंटाघराच्या टोकावरचा सोनेरी ड्रॅगन अजून आहे ना? नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर गोदलीव आम्हाला अक्षर शिकवायची. ती गेंटची. वर्गाचं अक्षर चांगलं आलं की शनिवारी ती आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातून एक पोस्टकार्ड काढायची आणि आम्ही सगळ्याजणी ते हातोहात बघायचो. शहराचे महत्त्वाचे कागद त्या घंटाघरात ठेवलेले असायचे आणि ड्रॅगन त्यांची राखण करायचा, असं ती सांगायची. पोस्टकार्डाची कड इतकी मऊ झाली होती की ते कापडासारखं लागायचं. ती स्वतः पुन्हा कधी तिकडे गेली नाही. कुणाही मुलीच्या घरी गेली की मिळेल ते पाणी प्यायची, आणि दर पावसाळ्यात तिला कावीळ व्हायची.

हे सगळं मी तुला सेलूला असताना सांगायची, लाइट गेले की. पुढे शिकायला जायची वेळ आली आणि तू अर्जात गेंटचंच नाव घातलंस, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझ्या त्या सिस्टरनं पोरगी नेली." तेव्हा ते हसत म्हणाले होते. योरिसशी तू तिथेच लग्न करून मग कळवलंस, तेव्हा तेच वाक्य पुन्हा म्हणाले, पण हसले नाहीत.

असो. मी येईन. तू एवढं ठरवलंस तर नाही कसं म्हणू? हॉटेलचे फोटो छान आहेत. खिडकीखाली पाणी आणि बदकं. खोली एकटीसाठी जरा मोठीच वाटते.

तुझं घर तिथून किती लांब आहे? बेतात कुठे सापडलं नाही, म्हणून विचारलं.

तुझी,
आई


सिंदी मेघे
६ मार्च २०२५

प्रिय रक्षा,

व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आले. उमटेनातच. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, जोरात दाबा." दाबून दाबून नख पांढरं झालं. शेवटी तिनं ओल्या रुमालानं बोटं पुसली आणि विचारलं, "भांडी घासता का खूप?" मी म्हटलं, भांडी, चादरी आणि एक आजारी माणूस. ठसे घेतले एकदाचे.

काल आष्टीच्या भागीरथा आत्या आल्या. सेलूला अंजूकडे दोन दिवस राहून परस्पर इकडेच. दारात चप्पल काढायच्या आत म्हणाल्या, "प्रमिला, आधी पाणी दे वं." एक ग्लास संपवला, दुसरा संपवला, मग खाली बसल्या. त्यांच्या पिशवीत त्यांची बाटली होती, रिकामी झालेली. वयाची ऐंशी आली, तरी लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. अंजू बिचारी नुसती समोर बसून गप्पा मारते.

तुझ्या बेताची बातमी त्यांना आधीच लागली होती.

"काऊन वं, तिथं जाऊन काय पाह्यशील?"

"चर्च आहे, ताई. किल्ला आहे."

"चर्च! इथलं गीताई मंदिर पाह्यलं का तू धडानं? चाळीस वर्सं झाली वर्ध्याच्या आजूबाजूले राहून राह्यली."

"पाहिलं आहे."

"मंग किल्ला कायले? पवनारले नदी आहे, थे पाय. पैसे नाई लागत." मग जरा थांबून, "बाजार कोन्त्या दिवशी भरते तिथं?"

रक्षा, हसू नकोस, पण त्या विचारीपर्यंत मला सुचलंच नव्हतं. आष्टीचं माणूस कुठल्याही गावाचा विचार बाजाराच्या वारावरूनच करतं. मी सांगितलं, शुक्रवारी भरतो, आणि त्या चौकाचं नावच शुक्रवार बाजार आहे. आत्यांना एकदम ते शहर ओळखीचं झालं. "शुक्रवारी बाजार, म्हंजे गुरुवारी रात्री गाड्या येत असतीन," म्हणाल्या. तू लिहिलं होतंस ना, गुरुवारी तिथे पुष्कळ लोक मांस खात नाहीत, तेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पाय बरं, दत्ताचा वार त्याईलेबी समजते. इतके वाईट लोक नसतीन."

मग मी तुझा बेत त्यांना वाचून दाखवला. जेवणाच्या जागांपाशी आल्यावर त्यांनी मान हलवली. प्रत्येक जेवणापुढे तू हॉटेलचं नाव घातलं आहेस. कंसात शाकाहारी, जवळ बाक आहे, जिने नाहीत. नाश्त्यापासून रात्रीपर्यंत एकही जेवण सुटलेलं नाही. आत्या म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. सगळं बराबर केलं तिनं." आणि डोळे मिटून पडल्या.

त्या कशाला बरोबर म्हणाल्या ते मला कळलं नाही. मला ते वाचून वाटलं की एवढ्या जेवणांत एकदाही वरणभात नाही. एकदाही तुझ्या हातची पोळी नाही. वाटलं आणि सोडून दिलं. हल्ली मी फार वेळ कशाचं वाटून घेत नाही. थकवा येतो.

योरिसला माझा नमस्कार सांग. त्याला मी काय म्हणून हाक मारायची ते कळव.

आई


सिंदी मेघे
३१ मार्च २०२५

रक्षा,

काल पाडव्याचा फोन झाल्यापासून मी हे पत्र लिहू की नको करते आहे.

गुढी यंदा उभारली नाही. वर्ष व्हायचं आहे अजून. श्रीखंड मात्र शेजारून आलं, ते तसंच फ्रिजमध्ये आहे. तुझा फोन आला तेव्हा मी ठरवलं होतं की हवापाण्याचं विचारायचंच नाही. सरळ विचारलं, "तुझ्या घरी कोणत्या दिवशी यायचं?" आणि तू म्हणालीस, "बघू गं, आई. वाटलं तर येऊन जाऊ उभ्या उभ्या."

वाटलं तर. उभ्या उभ्या.

तिकीट रद्द होत असेल तर करून टाक. माझ्याकडून राग नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. बाबांना पक्षाघात झाल्यापासून ते जाईपर्यंत मी एक रात्र सलग झोपले नाही. ते गेल्यावर सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम कसा करतात ते मी विसरले आहे. दुपारी आडवी झाले तरी कान त्यांच्या खोलीकडे असतात. अशा बाईनं विमानात बसून एवढं लांब कशाला जायचं? किल्ला बघायला? नावेत बसायला?

मला काय बघायचं होतं ते सांगते, एकदाच. तू कामावरून आल्यावर चपला कुठे काढतेस. चहाची पूड कोणत्या डब्यात ठेवतेस, आणि तो डबा तू इथून नेलेला स्टीलचाच आहे का. तुझ्या खिडकीतून काय दिसतं. योरिस भांडी पुसतो की तशीच ठेवतो. तू रागावलीस की कोणत्या खोलीत जाऊन दार लावतेस. गेंटमध्ये बघण्यासारखं माझ्यासाठी एवढंच होतं. बाकी सगळं तू दाखवलं असतंस तर हौसेनं बघितलंही असतं.

आणि तू मला शहरभर फिरवणार, बाकावर बसवणार, सूप पाजणार, पण घराच्या उंबऱ्यापाशी आणणार नाहीस. मी फार विचार केला. बाबांच्या दिवसांत तू आलीस, तेव्हा आत्या लागट बोलल्या आणि मी गप्प राहिले, म्हणून का? की योरिसला नको आहे? की मी पाय पसरून राहीन असं वाटतं?

एक आठवलं, ते लिहून थांबते. लग्न होऊन मी सेलूला आले त्या वर्षी तुझे आजोबा, लक्ष्मणराव, पहिल्यांदा मला भेटायला आले. थंडीचे दिवस. मी सकाळपासून सांबारवड्या करत होते. कोथिंबीर निवडून निवडून बोटं हिरवी झाली होती. ते आले आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसले. हातात पितळेचा फिरकीचा तांब्या, घरून भरून आणलेला. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, नातवंडाचं तोंड बघेपर्यंत. वड्यांचा वास पार रस्त्यापर्यंत गेला असेल. ते म्हणाले, "छान वास आहे, प्रमिला," आणि तांब्याची फिरकी उघडून आपलं पाणी प्यायले. तू व्हायच्या आधीच ते गेले. माझ्या घरातलं त्यांनी कधीच काही तोंडात घातलं नाही.

हे तुला माहीत आहे. शंभरदा सांगितलं असेल. पण तेव्हा मला निदान ते का खात नाहीत ते माहीत होतं, रक्षा. ओसरीपर्यंत तरी ते आले होते.

आई


सिंदी मेघे
४ एप्रिल २०२५

माझ्या रक्षा,

तुझं उत्तर काल वाचलं. मोबाइलवर मराठीत एवढं मोठं लिहायला तुला किती वेळ लागला असेल. मी ते कमलाबाई कामावर आलेली असताना वाचत होते. ती म्हणाली, "बाई, दूध उतू जाऊन राह्यलं!" आणि दोघींनी मिळून ओटा पुसला. काय झालं ते तिनं विचारलं नाही. तीही लेकीची आई आहे.

तू लिहिलंस, "आई, आजोबांची गोष्ट मी तुझ्या मांडीवर ऐकली आहे. तू सांगताना रडायचीस, पण त्यांना चुकीचं कधी म्हणाली नाहीस. लग्नानंतर बाबा फोनवर म्हणाले होते की तुझ्या घरचं पाणी आमच्या घशाखाली उतरणार नाही. त्या वेळी तू त्यांच्या बाजूला उभी होतीस, मला तुझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. माझ्या घरी आणून तुला तहानलेली बसवायची मला हिंमत नव्हती. तू बाटली घेऊन आली असतीस तर मी काय केलं असतं? म्हणून सगळं बाहेरचं ठरवलं. हॉटेलात तरी तू माझ्यासमोर जेवशील."

आणि पुढे, "नातवंड झालं की चालतं म्हणतात. ते आता होणार नाही, आई. दोनदा राहिलं, पण टिकलं नाही. डॉक्टर आता नको म्हणतात. म्हणजे तुझ्या हिशेबानं माझ्या घरचं पाणी कधीच चालणार नाही. हे तुला कसं सांगू ते कळत नव्हतं."

दोनदा, रक्षा. आणि त्या दिवसांत मी तुला फोनवर विचारत होते की तिकडे थंडी आहे का.

त्याबद्दल मी आत्ता लिहीत नाही. ते कागदावर लिहायचं नाही. तुझं डोकं मांडीवर घेऊन बोलू, किंवा नाही बोलू.

म्हणजे आत्यांना तुझा बेत माझ्या आधी कळला होता. "सगळं बराबर केलं" त्या याच्यासाठी म्हणाल्या. आणि मी, कॉन्व्हेंटात शिकलेली, तुझी आई, मी समजले की पोरीला मी नकोशी झाले. आपण दोघीही एकाच तांब्याला घाबरून बसलो होतो.

बाबांचं एक सांगायचं राहिलं. मी सांगणार नव्हते, कारण त्यांनी मला कधी सांगितलं नाही, फक्त मी बघितलं. उजवा हात गेल्यावर ते डाव्या बोटानं मोबाइल चालवायला शिकले. रोज सकाळी चहाआधी गेंटचं हवामान काढायचे. तुझं नाव घ्यायचे नाहीत. बाहेर इथे भाजून काढणारं ऊन, आणि ते म्हणायचे, "पाऊस आहे." मी म्हणायची, "हो का." कधी म्हणायचे, "आज उघडलं." त्यांचा शब्द त्यांनी परत घेतला नाही, ते खोटं सांगणार नाही. पण मी तुला थंडी-पावसाचं विचारते ना, ती सवय मला तिथून लागली.

त्यांचा शब्द त्यांचा होता. तो मी पुढे चालवणार नाही.

आज भागीरथा आत्यांना फोन करून सांगितलं की मी रक्षाच्या घरीच उतरणार, तिथेच जेवणार, तिथलं पाणी पिणार.

त्या म्हणाल्या, "पाप लागते, प्रमिला."

"लागू द्या, ताई. माझं मी बघते."

"लेकरू झालं का तिले?"

"नाही. आणि होणार नाही."

मग त्यांचा आवाज निराळाच आला. "अंजूच्या घरी मी बाटली नेतो न. पन काय सांगू तुले, लेकीच्या घरी बसलं का तहान लई लागते वं. बाटलीनं भागतच नाई." आणि मग नेहमीसारखं ओरडून, "तुरीची डाळ नेजो सोबत! तिथली डाळ काही कामाची नसन!"

तर आता माझा बेत ऐक. विमानतळावरून सरळ तुझं घर. हॉटेलची खोली रद्द कर, बदकांना सांग बाई येत नाही. पहिला दिवस तुझ्या घरात, कुठेही जायचं नाही. दुसरा दिवसही तसाच, मला झोप येईल. मग अंगात आलं तर घंटाघर, कारण सिस्टर गोदलीवला शब्द दिल्यासारखं वाटतं. शुक्रवारी बाजार. आत्यांना तिथला भाव सांगावा लागेल. नाव नको, मला पाण्यात भोवळ येते. ब्रुज राहू दे. किल्ला तुझ्याच हौसेसाठी बघू, पण मी खालीच बसेन.

बेगिनांच्या वस्तीतून मात्र एकदा चालवून आण. नवरा नाही, मठाची शपथ नाही, आपापल्या लहान घरांत बायका एकमेकींच्या शेजारी राहायच्या, असं तू लिहिलं होतंस. बाबा गेल्यापासून अशा घरांकडे माझं लक्ष जातं.

आजोबांचा तांब्या आणते आहे. चिंचेनं घासला. रिकामा आणते.

तुझीच,
आई


गेंट, तुझ्या स्वयंपाकघरातून
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

रक्षा,

तू कामावरून येशील तेव्हा मी झोपलेली असेन बहुतेक, म्हणून हा कागद चहाच्या डब्याला टेकवून ठेवते. डबा तोच आहे, घरून नेलेला. पहिल्याच दिवशी बघितलं, बोलले नाही.

तू सांगितल्याप्रमाणे योरिस मला दुपारी किल्ल्यापर्यंत घेऊन गेला. तो तिकिटं काढायला निघाला, तर मी त्याला खुणेनं घरी चल म्हटलं. त्यानं खांदे उडवले आणि हसला. ट्राममध्ये मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, असं तो म्हणतो. खोटं असेल. भांडी तो पुसतो, पण ओल्यावर ओली ठेवतो. सांगायचं की नाही, तू ठरव.

विमानतळावर तपासणीच्या माणसानं तांब्या उघडायला लावला तेव्हा त्याला वाटलं असेल आत काही आहे. आत काहीच नाही बघून तोच ओशाळला. आता तांब्या तुझ्या ओट्यावर आहे, भरलेला. सकाळी तू गेल्यावर मी तुझ्या नळाचं पाणी त्यात भरलं आणि खिडकीपाशी बसून प्यायले. तुझ्या खिडकीतून एक सायकल दुरुस्तीचं दुकान आणि अर्धं झाड दिसतं. पुष्कळ वेळ बसले. नंतर आठवलं की तुझ्यासमोर प्यायला हवं होतं. पण आल्या दिवशी तू ग्लास पुढे केलास, तेव्हा तुला द्यायची घाई आणि मला घ्यायची, आणि निम्मं पाणी सांडलंच. ते धरायचं की नाही कोण जाणे. म्हणून आज शांतपणे प्यायले.

आज बाहेर पाऊस आहे. कुणाला सांगायचं ते सुचेना, म्हणून खिडकीला सांगितलं.

उद्या शुक्रवार, बाजाराला लवकर निघू. कोथिंबीर मिळाली तर वड्या करते.

डाळ गॅसवर ठेवून लिहायला बसले होते. तुझ्या घरचं पाणी जड आहे गं. तूर शिजता शिजत नाही. वरणाला वेळ लागेल. मला कुठे जायची घाई नाही.

आई